पॅनेल बोंबलतंय, पण कशाबद्दल?

मोटरहोमच्या दाराच्या वर, आत शिरल्या शिरल्या नजरेला पडेल अशा जागी, एक छोटं पॅनेल बसवलेलं असतं. त्यावर दोन बॅटऱ्यांचे व्होल्ट, चांगल्या पाण्याची टाकी किती भरली, सांडपाण्याची किती भरली, आतलं-बाहेरचं तापमान, पंपाचं बटण आणि आतल्या सगळ्या १२ व्होल्टचं मेन बटण. बस, एवढाच संसार. पुण्यात आमच्या सोसायटीची टाकी भरली हे गच्चीवरून पाणी पडायला लागलं की कळायचं आणि संपली हे अंगाला साबण लावून झाल्यावर. इथे सगळं आकड्यात, आणि आकडा कुठे इकडेतिकडे झाला की लाल दिवा आणि बीप, बीप, बीप. हा बीप रात्रीच वाजतो, त्याचं कारण पुढे येईल, पण तो वाजला की माणूस अंथरुणातून उठतो तो डायरेक्ट बॅटरी गेली, गाडी गेली, सुट्टी गेली या क्रमाने विचार करतच उठतो.

हे पॅनेल म्हणजे जुन्या काळचा गावचा कोतवाल. दवंडी पिटायचं काम त्याचं, भांडण कुणाचं आणि चूक कुणाची ते त्याला ठाऊक नसतं. त्याच्यापर्यंत जी वायर येते त्या वायरीच्या टोकाला त्याला जे दिसतं ते तो ओरडून सांगतो. वायरीचं दुसरं टोक सीटखाली, टाकीत, नाहीतर गाडीच्या पोटाला चिखलात असतं, आणि मधल्या रस्त्यात काय झालंय हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

आम्ही जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहतो. पुण्यातून गाड्यांच्या कामाला इकडे आलेली मराठी माणसं या भागात पुष्कळ आहेत, आम्ही त्यातलेच. मोटरहोम घेतलं ते सेकंड हँड, फियाट डुकाटोच्या सांगाड्यावर बांधलेलं, वजन साडेतीन टनाच्या आत म्हणजे कारच्या साध्या लायसन्सवर चालतं. इथे त्याला लाडाने वोमो म्हणतात. आधीचे मालक रिटायर्ड जर्मन आजोबा, त्यांनी गाडीबरोबर एक जाडजूड फाईल दिली आणि आतल्या प्रत्येक फ्यूजवर, नळीवर, कॉकवर कागदी टेप लावून पेनाने नाव लिहून ठेवलेलं. त्यांचं अक्षर इतकं बारीक की पहिले काही महिने मी मोबाईलने फोटो काढून झूम करूनच वाचायचो. अशा माणसाची गाडी घ्यावी. रंग, सीटा, टायर सगळं नंतर बघता येतं.

आता जरा बॅटऱ्यांबद्दल, कारण निम्मे अलार्म तिथूनच सुरू होतात. मोटरहोमात दोन बॅटऱ्या असतात. एक पुढची, इंजिन स्टार्ट करायची. दुसरी मागची म्हणजे राहण्याची, जिच्यावर दिवे, पंप, हीटरचा पंखा, मोबाईल चार्जिंग चालतं. ती बऱ्याच गाड्यांत पॅसेंजर सीटखालीच असते, तरी सगळे मागची म्हणतात. दोघींची सरमिसळ होऊ नये म्हणून मध्ये रिले म्हणजे आपोआप चालणारं स्विच, इंजिन चालू झालं की तो दोघींना जोडतो आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र, दोघींना भरतो, इंजिन बंद झालं की तोडतो, म्हणजे रात्रभर दिवे जाळले तरी सकाळी गाडी स्टार्ट होते.

साधी लेड-ॲसिड किंवा एजीएम (तिचाच बंद डब्यातला प्रकार) बॅटरी पूर्ण भरलेली असेल आणि काही तास निवांत पडलेली असेल तर साधारण १२.७ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास आली की अर्धी संपली असं धरायचं, ११.८ म्हणजे जवळजवळ रिकामी. त्यात 'निवांत पडलेली' हे महत्त्वाचं आणि लोक तेच विसरतात. चार्जर नुकताच काढला असेल तर मेलेली बॅटरीसुद्धा थोडा वेळ १३ दाखवून छाती फुगवते, आणि पंप चालू असताना चांगली बॅटरीही क्षणभर खाली बसते. म्हणून पॅनेलवरचा एक सुटा आकडा वाचून बॅटरीचं भविष्य सांगणारे जे लोक कॅम्पसाईटवर भेटतात (आणि भेटतातच, बिअर हातात घेऊन) त्यांचं ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं.

रात्रीच का वाजतो, तर दिवसा छपरावरचं सोलर असतं, नाहीतर आपण गाडी चालवत असतो, बॅटरी भरत असते. रात्री नुसता खर्च. हीटर गॅसवर चालतो हे खरं, पण त्याची गरम हवा ढकलणारा पंखा आणि कंट्रोल बोर्ड १२ व्होल्टवर. त्यात थंडीने बॅटरीची ताकद आधीच कमी झालेली. पहाटे चार-पाचला सगळ्यात जास्त थंडी, तेव्हाच हीटर सगळ्यात जास्त धावतो, आणि बरोबर तेव्हाच व्होल्ट सगळ्यात खाली. पॅनेलची मर्यादा बहुतेक ११ च्या आसपास लावलेली असते. त्याच्याही खाली गेलं तर बॅटरी वाचवायला आतला सप्लाय आपोआप तुटतो आणि मग हीटरचा पंखाही बंद.

आमचं झालं ते नोव्हेंबरात, श्वार्त्सवाल्ड म्हणजे ब्लॅक फॉरेस्टमध्ये, टिटिझे तळ्याच्या बाजूला. स्टेलप्लाट्स साधा, म्हणजे मोटरहोम उभं करायला जागा, पाणी घ्यायची-सोडायची सोय, पण विजेचा खांब नाही. बाहेर एक डिग्री. पहाटे साडेपाचला बीप. पॅनेल १०.९. हीटर चालू, बाकी सगळं बंद. हा बीप अधूनमधून उन्हाळ्यापासून वाजत होता आणि तेव्हा एका वर्कशॉपला फोन केला होता, त्यांनी गाडी न बघता फोनवरच नवीन बॅटरी सांगितली, ती बसवायची तारीख कित्येक आठवड्यांनंतरची. म्हणजे दोनेकशे युरो तयार ठेवा आणि तोवर बीप ऐकत बसा.

साडेपाच म्हणजे आपल्याकडे सकाळचे दहा. बाबांना फोन लावला. बाबा एसटीच्या वर्कशॉपात ऑटो इलेक्ट्रिशियन होते, सगळी नोकरी बसच्या खाली आडवं होऊन काढली. तिकडे सगळं २४ व्होल्ट, इकडे १२, पण त्यांच्या मते हा फरक तालमीतल्या वजनी गटाएवढाच, डाव तेच.

"किती दाखवतंय?"

"दहा पॉइंट नऊ."

"कुठे?"

"पॅनेलवर."

"पॅनेलवरचं मला नको सांगूस. बॅटरीच्या बोडक्यावर मीटर लाव आणि मग बोल."

पॅसेंजरची सीट पुढे सरकवायची, खालचं प्लास्टिकचं झाकण उचकटायचं, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात मीटरच्या दोन्ही पिना. स्वेटर, कानटोपी आणि खाली लुंगी असा अवतार. मीटर म्हणाला १२.४. मी परत बघितलं. १२.४. पॅनेलवर त्याच क्षणी १०.९. म्हणजे बॅटरी बिचारी अर्ध्याहून जास्त भरलेली, ठणठणीत, आणि दीड व्होल्ट मधल्या वाटेत कुणीतरी खात होतं.

"पंप चालू कर."

पंप चालू केला, नळ सोडला. बॅटरीवर १२.३, पॅनेलवर १०.८.

"पंपाचा आवाज कसा आहे?"

"नेहमीसारखा."

"मग पॉवरची लाईन शाबूत आहे. पंपाला पुरं मिळतंय. खाल्लं जातंय ते एकट्या तुझ्या पॅनेलचं."

हे मला सुचलं नसतं. मी दिव्यांकडे बघत होतो, दिवे फुल्ल होते, पण आजकालचे एलईडी दिवे १० व्होल्टवरही तसेच जळतात, त्यांच्यावरून काही कळत नाही. जुने पिवळे बल्ब असते तर डोळ्याला मंद दिसले असते. मोटरवाला पंप मात्र खरं बोलतो, व्होल्ट कमी झाले की त्याचा आवाज लगेच जड होतो, रडका होतो.

तेवढ्यात रजईतून बायकोचा, प्राचीचा आवाज. तिला झोप लागणं शक्यच नव्हतं, ती पडल्या पडल्या पॅनेलकडेच बघत होती. "अरे, ती स्क्रीनची लाईट गेली ना की आकडा वाढतोय बघ." पॅनेलचं बटण दाबलं की स्क्रीनमागची लाईट लागते आणि थोड्या वेळाने आपोआप जाते. लाईट गेली, ११.७. मी बटण दाबलं, लाईट लागली, १०.९. परत गेली, ११.७. बाबा फोनवर हसायलाच लागले.

प्रकार असा. पॅनेलला बॅटरीपासून एक बारीक वायर येते. आमच्या गाडीत पॅनेल व्होल्ट मोजतं तेही त्याच वायरीवरून आणि स्वतःची स्क्रीन, दिवा, बझर चालवतं तेही त्याच वायरीवरून. त्या वायरीत बॅटरीजवळ २ अँपिअरचा छोटा राखाडी फ्यूज. त्या फ्यूजच्या होल्डरमध्ये गंज चढून समजा १५ ओहमचा अडथळा तयार झाला. पॅनेलची लाईट लागल्यावर वायरीतून वाहतात ०.१ अँपिअर, म्हणजे १५ गुणिले ०.१, दीड व्होल्ट तिथेच खलास. लाईट गेली की करंट निम्मा, घटही निम्मी. दहावीच्या पुस्तकातला ओहमचा नियम, पण तो पहाटे लुंगीवर भेटेल असं वाटलं नव्हतं. आणि खरी गंमत पुढे आहे. अलार्म झाला की पॅनेल आपली लाईट लावतं आणि बझर वाजवतं. लाईट आणि बझर मिळून आणखी करंट खेचतात. करंट वाढला की त्या गंजावर व्होल्ट आणखी पडतात. पॅनेलला दिसतं, अरे बापरे, बॅटरी आणखी खाली गेली, की ते आणखी बोंबलतं. म्हणजे एकदा कसाबसा ११ च्या खाली आकडा गेला की पुढचा गोंधळ पॅनेल स्वतःच स्वतःच्या जिवावर चालू ठेवतं, बॅटरीचा त्यात काही संबंधच उरत नाही.

खात्री करायला मीटरची एक पिन फ्यूजच्या अलीकडे, एक पलीकडे. चांगल्या जोडावर असं मोजलं तर जवळपास शून्य यायला हवं, कारण तारेच्या दोन जवळच्या टोकांत फरक असायचं कारणच नाही. आमच्याकडे १.४. कुठलाही लूज किंवा गंजका जोड शोधायचा तर ही पद्धत सोन्यासारखी आहे, फक्त मोजताना त्या वायरीतून करंट वाहता हवा. सगळं बंद करून मोजलं तर गंजलेला जोडही साळसूद दिसतो. बरेच लोक इथेच फसतात, वायर काढून ओहमवर मोजतात, सगळं ओके येतं, परत लावतात, परत बीप. बाबांच्या भाषेत, "लोड टाकल्याशिवाय चोर सापडत नाही."

फ्यूज उपटून काढला. त्याच्या दोन्ही पायांवर आणि होल्डरच्या आतल्या पात्यांवर हिरवट पांढरं काहीतरी. व्हिडिओवर दाखवलं, बाबा म्हणाले, "कळकलंय सगळं." पितळेच्या पातेल्यात ताक ठेवल्यावर आजी म्हणायची तेच क्रियापद. प्राचीच्या नखं घासायच्या छोट्या कानशीने पाय घासले, पाती जमेल तितकी खरवडली, फ्यूज परत दाबून बसवला. पॅनेल १२.३. लाईट असो नसो, १२.३. बीप बंद. प्राची म्हणाली कानस नवीन आणून दे, आणि झोपली.

घरी आल्यावर तो होल्डरच काढून टाकला आणि रबराचं झाकण असलेला, पाणी न शिरणारा नवीन बसवला, चार-पाच युरोचा. जोडांना पेट्रोलियम जेली, जी आपल्याकडे प्रत्येक बॅटरीवाला टर्मिनलला फासतो. मग आजोबांची फाईल सहज चाळली तर त्यात एका पानावर त्याच फ्यूजचा नंबर आणि पुढे जर्मनमध्ये लिहिलेलं, साफ केला, वसंतात परत बघणे. त्यांना माहीत होतं! जागाच तशी आहे, पॅसेंजरच्या दाराशेजारी, पावसातले बूट तिथेच निघतात, हिवाळ्यात रस्त्यावरचं मीठ बुटांबरोबर आत येतं, आणि बाजूला ॲसिडची बॅटरी.

तेव्हापासून कुणाचा वोमोचा अलार्मचा फोन आला (मराठी मंडळींत आता चार-पाच जणांकडे आहेत, आणि कुणी पसरवलं माहीत नाही पण मी तज्ज्ञ आहे अशी अफवा आहे) की मीही पहिलं हेच विचारतो, आकडा कुठला, कुठे मोजलेला.

सांडपाण्याच्या टाकीचा दिवा हा त्यातल्या त्यात विनोदी प्रकार. टाकी रिकामी करून आलोय, कॉक उघडून शेवटचा थेंब गेलेला बघितलाय, आणि पॅनेल सांगतं फुल्ल. टाकीत वेगवेगळ्या उंचीवर स्टीलचे खिळे नाहीतर सळया असतात, पाणी त्यांच्यापर्यंत चढलं की पाण्यातून बारीक करंट जातो आणि पॅनेलला कळतं पाणी इथवर आलं. आता जर्मन माणूस मोटरहोमात पाव आणि चीज खातो, त्याचे खिळे आयुष्यभर चकचकीत. आमच्याकडे फोडणीची तुरीची डाळ, तेलाचा तवंग असलेली मटकीची उसळ, भाताची पेज. ते सगळं भांडी धुताना टाकीत जातं आणि खिळ्यांच्या मध्ये एक ओलसर चिकट थर बसतो, तो थरच करंट वाहून नेतो. पॅनेल त्याला पाणी समजतं. गरम पाणी आणि भांड्याचा साबण टाकीत टाकायचा, अर्धी टाकी भरून वळणावळणाच्या रस्त्याने गाडी चालवायची, आतल्या आत खळबळून निघतं, मग सोडून द्यायचं. महिनाभर बरं असतं. त्याहून साधा उपाय म्हणजे धुण्याआधी ताट कागदाने पुसणे, पण तो घरात कुणाला पटवायचा?

चांगल्या पाण्याच्या टाकीत हाच खेळ क्षारांचा. पाणी जड असेल तर खिळ्यांवर पांढरा थर चढतो, आणि इथे उलटं होतं, थर वीज अडवतो, टाकी भरलेली असून पॅनेल रिकामी दाखवतं. सायट्रिक ॲसिड गार पाण्यात टाकून रात्रभर ठेवलं की निघतं.

आणि थंडीतला एक प्रकार आहे ज्यात पॅनेलचा काहीच दोष नसतो. पाण्याची टाकी काल भरली, आज रिकामी, खाली गाडीच्या पोटातून पाणी गळतंय, पंप थांबतच नाही. नवीन माणसाला वाटतं पाईप फुटला. ट्रूमा कंपनीच्या हीटरबरोबर एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, त्याच्या आसपासचं तापमान साधारण ३ डिग्रीखाली गेलं की तो आपोआप उघडतो आणि बॉयलरमधलं पाणी बाहेर सोडतो, म्हणजे बर्फ होऊन बॉयलर फुटू नये. परत बंद होतो तोही आजूबाजूला ७ डिग्रीच्या वर उबारा आल्यावरच, त्याआधी त्याचं बटण कितीही दाबा. पंप चालू ठेवलेला असेल तर तो इमानदारीत सगळी टाकी त्या भोकातून बाहेर ओततो. आधी हीटर लावून गाडी उबदार करायची, मग बटण दाबायचं. ज्याने हे डिझाईन केलं त्याचं मला कौतुक वाटतं, आणि पहाटे पाण्याशिवाय दात घासताना त्याच माणसाचा रागही येतो.

पायरीचा अलार्म बाबांना फार आवडला. दाराखाली इलेक्ट्रिक पायरी असते, बाहेर येते-आत जाते. पायरी बाहेर असताना इंजिन चालू केलं की बझर, कारण तशीच गाडी काढली तर पायरी कुणाच्या तरी नडगीवर नाहीतर फूटपाथवर आपटणार. इंजिन चालू झालं हे या यंत्रणेला कसं कळतं, तर अल्टरनेटरच्या डी प्लस नावाच्या टर्मिनलवरून. तो चार्ज करायला लागला की तिथे व्होल्ट येतात. हे सांगितल्यावर बाबा म्हणाले म्हणजे चार्जिंगच्या दिव्याचीच वायर की, बसच्या डॅशबोर्डवर जो लाल दिवा स्टार्ट केल्यावर विझतो तो. बरोबर तीच. त्याच सिग्नलवर मोटरहोममधल्या कितीतरी गोष्टी टांगलेल्या आहेत: दोन बॅटऱ्या जोडणारा रिले, फ्रिजला १२ व्होल्ट देणारा रिले, पायरी आत घेणं. म्हणून या तिन्ही गोष्टी एकदम रुसल्या तर तीन ठिकाणी शोधू नका, ती एक वायर किंवा तिचा फ्यूज बघा. आणि एकटी पायरीच ओरडत असेल, आत जाऊनही ओरडत असेल, तर पायरीखालचा मायक्रोस्विच चिखलाने अडकलाय. पाण्याचा फवारा, ब्रश, थोडा स्प्रे, काम झालं.

नवीन गाड्यांत अजून एक डोकेदुखी आहे, ती आमच्या गाडीत नाही, एका मित्राच्या आहे. युरो ६ या धुराच्या नियमांच्या काळातले अल्टरनेटर डिझेल वाचवायला हुशार केलेत, पुढची बॅटरी भरली की ते व्होल्ट मुद्दाम कमी करतात. मग मागच्या बॅटरीला साधा रिले जोडूनही काही मिळत नाही. दिवसभर गाडी चालवली तरी संध्याकाळी बॅटरी अर्धी आणि रात्री अलार्म. त्याला मध्ये बॅटरी ते बॅटरी चार्जर बसवावा लागतो, जो पुढून कमी व्होल्ट आले तरी मागे पूर्ण १४.४ च्या आसपास करून देतो. मित्राने तो न बसवता दोन बॅटऱ्या बदलल्या. असो, मित्र आहे.

इतका वेळ जे सांगतोय ते सगळं अलार्मवर शंका घ्यायचं. गॅसच्या अलार्मला मात्र हे लागू नाही, कार्बन मोनॉक्साईडच्या तर नाहीच नाही. तिथे आधी ऐकायचं. सिलेंडर बंद, दार-खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, माणसं बाहेर, आणि मग बाहेर थंडीत उभं राहून काय शंका घ्यायची ती घ्या. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून गॅसचा डिटेक्टर खाली जमिनीलगत लावलेला असतो, आणि तो हेअरस्प्रेने, डिओने, कधी रंगाच्या थिनरनेही वाजतो हे खरं आहे. तरीही.

बोडनझे तळ्याच्या काठी एका कॅम्पसाईटवर आमच्या शेजारी एक डच काका-काकू होते. संध्याकाळी त्यांचा गॅस अलार्म सुरू झाला. काका शिस्तीचे, सिलेंडर बंद केला, सगळं उघडलं, बाहेर आले. अर्ध्या तासाने आत गेले तर परत सुरू. सिलेंडर बंदच. असं दोनदा. काकू म्हणाल्या आत अंड्यांचा वास येतोय, आणि आम्ही अंडी आणलेलीच नाहीत. सडक्या अंड्यांचा वास ऐकल्यावर मला बाबांचं वर्कशॉप आठवलं, तिथे बॅटरी रूमला हा वास कधीकधी असायचा. त्यांची गाडी खांबावरच्या २३० व्होल्टला जोडलेली होती, म्हणजे चार्जर चालू. जुन्या बॅटरीतला एक सेल आतून शॉर्ट झाला की ती कधीच पूर्ण भरत नाही, चार्जरला वाटतं अजून भूक आहे, तो ढकलत राहतो, बॅटरी तापते, उकळते, तिच्यातून हायड्रोजन आणि तो वासाचा हायड्रोजन सल्फाईड बाहेर पडतो. गॅस डिटेक्टरला हायड्रोजनही कळतो. तो खोटं बोलत नव्हता, त्याचं नाव गॅस अलार्म असल्यामुळे आम्ही सगळे सिलेंडरकडे बघत बसलो होतो एवढंच.

काका आत जाऊन बॅटरीची वायर काढणार होते. त्यांना हात धरून थांबवलं. चालू चार्जिंगमध्ये टर्मिनल सोडवलं तर ठिणगी पडते, आणि तिथेच हायड्रोजन. आधी बाहेरच्या खांबावरचा निळा प्लग काढला, चार्जर मेला, मग पुष्कळ वेळ दारं उघडी ठेवून बाहेरच गप्पा, काकूंनी थर्मासमधली कॉफी दिली. नंतर सीटखालचं झाकण उघडलं तर बॅटरीच्या बाजू फुगलेल्या आणि वरून हात धरवत नव्हता इतकी गरम. रात्रभर तिला तसंच एकटं सोडलं, सकाळी गार झाल्यावर पाना लावून काढली.

दुसऱ्या दिवशी बाबांना हे सगळं रंगवून सांगितलं. ते मध्ये काही बोलले नाहीत. संपल्यावर विचारलं, "खांबावरचा प्लग आधी काढलास ना?"

"हो."

"आणि पॅनेल काय दाखवत होतं त्यांचं?"

ते मी बघितलंच नव्हतं. आणि काका-काकू तोवर ऑस्ट्रियाच्या दिशेने नवीन बॅटरी घ्यायला निघून गेलेले.

"तेरा-साडेतेराच्या वर चढत नसेल," बाबा म्हणाले, "चार्जर तापून लाल झाला तरी. पुढच्या वेळी बघून ठेव."